गुरुवारचं घर

माझा नातू लातूरला दुसरीत शिकतो. त्याच्या शाळेच्या सूचना सुनेच्या मोबाइलवर येतात आणि तिला वाचायला वेळ नसतो, म्हणून ती त्या माझ्याकडे ढकलते. पावसाळा ओसरला की सूचनांचा नुसता पाऊस पडतो. सहामाहीचं वेळापत्रक, लसीकरणाचा दिवस, स्वेटर कोणत्या रंगाचा, दिवाळीची सुट्टी कधी लागते आणि शाळा कधी भरते, डब्यात काय द्यावं आणि काय देऊ नये. मी त्या मोठ्यानं वाचतो. घरात कोणी ऐकत नसलं तरी वाचतो. नातू म्हणतो, "आजोबा, हळू वाचा ना, मी बहिरा नाही." त्याला काय सांगणार? मी वाचायला शिकलो शाळेत. पण सूचना वाचायला शिकलो ते महादेवाच्या देवळासमोर, लिंबाच्या झाडावर बांधलेल्या भोंग्यातून, आख्ख्या गावासाठी. तिथं हळू वाचून चालत नसे.

आमचं गाव अहमदपूरच्या पुढं, नांदेडच्या हद्दीला टेकलेलं. बाजाराला नांदेड, दवाखान्याला नांदेड, लग्नाच्या बस्त्याला नांदेड. पण कचेरीला मात्र तोवर उस्मानाबादला जावं लागायचं. मग लातूर जिल्हा झाला. गावात पेढे वाटले. शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात जुन्या जिल्ह्याचं नाव होतं, त्याच्यावर पोरांनी कागदाची पट्टी चिकटवून नवं नाव लिहिलं. खळ मायनं करून दिली होती, ज्वारीच्या पिठाची. नवा जिल्हा म्हणजे सगळं नवं होणार असं वाटायचं. पाऊस तेवढा जुन्यासारखाही पडला नाही. मृग गेला, पोळा कोरडा गेला, महालक्ष्म्यांपुढं मांडायला कणसं मिळाली नाहीत. विहिरीत पोहरा सोडला की तळाच्या दगडावर खणकन वाजायचा, आणि तो आवाज सगळ्या गल्लीत ऐकू जायचा.

मी दहावी होऊन अहमदपूरच्या कॉलेजात नाव घातलं होतं. वडिलांनी, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, "औंदा राहू दे, फुडल्या साली बघू," म्हणून मला घरी बसवलं. घराच्या पुढच्या खोलीत किराणा दुकान होतं, मागं आम्ही राहायचो. करडईचं तेल, गूळ, तंबाखू आणि उदबत्ती यांचा मिळून एक वास होता, तो माझ्या अंगाला चिकटलेला असे. पहाटे आप्पांची शिवपूजा. पाणी कितीही कमी असो, पूजेचा तांब्या भरलेला लागायचा. त्यानंतर मायची भाकरी थापण्याची थपथप, मग दुकानाच्या फळ्या काढल्याचा खडखडाट, मग गिऱ्हाईक. गिऱ्हाईकही कसलं, चहापत्ती नि काडेपेटी मागणारं. मी गल्ल्यापाशी बसून चिडचिड करायचो. कोणावर ते सांगता येत नसे. वय तसं होतं आणि वर्षही तसं होतं.

दुकानाशिवाय आप्पांकडं आणखी एक वस्तू होती : भोंगा. भोंगा, माइक, बॅटरी आणि एका हिरव्या पत्र्याच्या पेटीत बसवलेलं मशीन. पंचक्रोशीतल्या लग्नांना ते भाड्यानं जायचं. दुष्काळात लग्नं थांबली आणि भोंगा कोठीत धूळ खात पडला. तेव्हा सोनटक्के गुरुजी एके दिवशी दुकानात आले. गुरुजी देगलूरकडचे. त्यांच्या मराठीला तेलुगूची एक गोड ओढ होती, वाक्याच्या शेवटी "ओ" लावायचे. म्हणाले, "आप्पा, शाळेच्या सूचना मी पोरांच्या हाती लिहून पाठवतो. घरी वाचणारं कोण हाय ओ? चिठ्ठीत माय मीठ बांधून ठेवते. तुमचा भोंगा संध्याकाळी जरा वेळ दिला तर?"

आप्पा भाडं न घेता तयार झाले. शाळेचं काम म्हणजे पुण्याचं काम. अट एकच, सुरुवातीला भोंगा कोणाचा ते सांगायचं. वाचणारा मी. आवाज मला आप्पांचाच मिळाला होता, भरदार. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी, धारा काढायच्या वेळेला, लिंबाखाली पेटी मांडून मी "हॅलो, हॅलो" करायचो, आप्पांचं नाव घ्यायचो आणि मग गुरुजींचा कागद वाचायचो. गुरुजी लिहायचे, "सर्व पालकांस कळविण्यात येते की." मी ते गावच्या बोलीत करून सांगायचो. "ऐका हो मायबाप. सहामाही परीक्षा दिवाळीच्या आधी हाय. पोरांला ढोरांमागं धाडू नका. पाटी फुटली आसंल तर आत्ताच घ्या, परीक्षेदिवशी रडत येऊ नका."

नव्या जिल्ह्याच्या कचेरीला नव्या नवरीसारखा कामाचा उत्साह होता. तिथून गुरुजींना परिपत्रकांवर परिपत्रकं यायची आणि गुरुजी ती इमानानं कागदावर उतरवायचे. मुलांनी रोज स्नान करून यावे. गणवेश स्वच्छ धुतलेला असावा. जेवणाआधी व शौचानंतर हात साबणाने धुवावेत. प्रत्येक मुलाने घराजवळ एक रोप लावून त्यास दररोज पाणी घालावे. हे मी वाचायचो तेव्हा समोर टँकरची वाट बघत घागरींची रांग बसलेली असायची. देवळाच्या ओट्यावर कायम मुक्काम असलेला रामजी तात्या तिथूनच ओरडायचा, "आरं शिवा, आंघुळीला पाणी तुझा जिल्हा देतो का? इथं मी महिन्यापून तोंड धुतलं न्हाई, आन् झाड लाव म्हनं!" बाया हसायच्या. एक म्हणायची, "तात्या, तुमचं तोंड धुतलं तरी काय फरक पडतोय?" मीही माइकवरच हसायचो. पण आतून संताप यायचा. जे करता येणं शक्यच नाही ते रोज संध्याकाळी लोकांना करायला सांगायचं, आणि तेही एवढ्या मोठ्या आवाजात. मी गुरुजींना एकदा विचारलं, "हे वाचलंच पाहिजे का?" गुरुजी म्हणाले, "वाच. दहा सूचना फुकट जातील, त्यात एक लागू पडंल. कोणती ते आपल्याला आधी कळत न्हाई ओ."

लागू पडलेली सूचना परिपत्रकातली नव्हती, गुरुजींची स्वतःची होती. गावाबाहेर माळावर लमाणांचा तांडा होता. तिथली माणसं दर साली दिवाळीनंतर ऊसतोडीला जायची. त्या साली नवरात्राआधीच मुकादमाचे ट्रक आले. भांडी, कोंबड्या, म्हातारी माणसं आणि पोरं, सगळं त्यात चढणार. शाळेतली तांड्याची पोरं म्हणजे शाळेचा मोठा हिस्सा. त्यातली जी चौथीत होती, त्यांच्यावर गुरुजींचा जीव. चौथी पुरी झाली की किनवटच्या आश्रमशाळेत पाचवीला घालायचं, तिथं राहायला-खायला मिळतं, असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. चौथी अर्धी टाकून पोरं उसाच्या फडात गेली की संपलं. त्यात जमनी होती. बारीक चणीची, घागऱ्याला आरसे लावलेली, पाढे म्हणताना डोळे मिटून घेणारी. तिच्या मायला ती "याडी" म्हणायची. ती याडी शाळेच्या दारात उभी राहून गुरुजींना म्हणाली, "ठेवते गुरुजी. पर खाईल काय लेकरू?"

गुरुजींनी उत्तर शोधलं ते आप्पांच्या तोंडून ऐकलेल्या गोष्टीत. आप्पा लहानपणी उदगीरला वार लावून शिकले होते. म्हणजे सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या, असं आठवडाभर. ही गोष्ट ते दुकानात बसणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. गुरुजी म्हणाले, "आप्पा, पोरं शाळेच्या वऱ्हांड्यात झोपतील, मी सोबतीला झोपेन. गावानं वार लावावा. चौथीचीच तेवढी पोरं हाईत." आप्पा एकदम फुलले. म्हणाले, "पैलं नाव माझं घ्या. गुरुवार आपला."

बाकीच्या घरांचा होकार मिळवायला गुरुजी उंबरठे झिजवत फिरले. कोणी हो म्हणालं, कोणी बघू म्हणालं. जे हो म्हणाले त्यांची नावं मी भोंग्यावरून वाचली. सोमवार पाटलांचा, मंगळवार अमक्याचा, आणि गुरुवार आमच्या आप्पांचा. इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. महादेवासमोरच्या भोंग्यावरून ज्याचं नाव गेलं, त्यानं गावाला आणि देवाला शब्द दिला असं लोक मानायचे. हो म्हणून दुसऱ्या दिवशी विसरायची सोय राहिली नाही. पाटलीणबाई पहिल्या सोमवारी धुसफुसल्या, "हे कुठलं बिलामत गळ्यात आलं बाई," पण भाकरी वाढली. बघू म्हणणाऱ्यांनाही लाज वाटली आणि तेही आले. अशी आठवड्याची घरं भरली आणि ट्रक पोरांना न घेता गेले. ट्रकमागं धावायला नको म्हणून गुरुजींनी त्या वेळी पोरांना वर्गात कोंडून मोठ्यानं पाढे म्हणायला लावले. जमनीचे डोळे मिटलेलेच होते, नेहमीसारखे.

गुरुवारी पोरं आमच्याकडं यायची. माय अंगणात गोणपाट अंथरायची. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, तिच्यावर लसणाची फोडणी, कधी नुसतं येसराचं पातळ कालवण. मिरचीचा ठेचा पोरं मागून घ्यायची. आप्पा दुकानातून अधूनमधून डोकावून बघायचे आणि "पोटभर खावा रे," म्हणायचे. घरात मात्र पोरांनी यायचं नाही. पाणी माय वरून ओतायची. हे कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. तसंच चालायचं म्हणून चाललं होतं. मांस-मटण खाणारी पोरं आणि आमच्या घरात शिवपूजेचं पाणी. मला ते दिसत होतं. मीही काही बोललो नाही, मलाही ते तेव्हा पोटभर जेवणापुढं किरकोळ वाटलं.

तिसऱ्या की चौथ्या गुरुवारी टँकर भलत्या वेळेला आला. क्लीनर टाकीवर दांडकं बडवायला लागला तशी माय पोरांना ताटावर सोडून घागरी घेऊन पळाली. मीही दुसरी घागर घेऊन तिच्यामागं गेलो. परत आलो तेव्हा आमच्या दारासमोर बाया जमलेल्या आणि दारातून पाण्याचा लोट रस्त्यावर आलेला. रस्त्यावर, त्या दिवसांत, पाणी! दोघीतिघी वाट्या आणि पातेली लावून ते धुळीतनं उचलत होत्या.

जमनीला ठेचा तिखट लागला होता. घरात कोणी नाही, म्हणून तिनं उठून रांजणात तांब्या बुडवला होता. आप्पांनी ते दुकानातनं पाहिलं. त्यांनी तिला मारलं नाही. सरळ येऊन रांजण आडवा केला. काल टँकरवर भांडून भरलेला आख्खा रांजण. जमनी भिंतीला टेकून उभी होती, तिच्या हातातला तांब्या अर्धा भरलेला. या पाण्याचं काय करायचं ते तिला कळत नव्हतं. मग ती हळूच अंगणातल्या बेलाच्या रोपापाशी गेली आणि तांब्या तिथं ओतला. रोज रोपाला पाणी घालावं ही सूचना मीच वाचली होती.

"आप्पा, हे काय केलात?" मी ओरडलो.

"वरडू नको," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज शांत होता, म्हणून मला जास्तच राग आला. "उदगीरला मला गोठ्यात बसवायचे जेवायला. बैलाचं शेण सारून. चार वर्सं जेवलो. कधी कुणाच्या रांजणाला हात लावला न्हाई. शिकायचं तर रीत पाळावी लागती. उद्यापून ह्या घरात वार न्हाई."

माय डोक्यावरची घागरही न उतरवता हे ऐकत होती. तिनं घागर रांजणाच्या जागी ठेवली, पोरांच्या ताटातल्या उरलेल्या भाकरी फडक्यात बांधल्या, त्यांच्या हातात दिल्या आणि त्यांना शाळेकडं पाठवलं. नंतर मला चुलीपाशी बोलावलं. माय कधी फार बोलत नसे. दुकानात गिऱ्हाईक असेल तर आतून बांगड्या वाजवून आप्पांना बोलवायची. त्या दिवशी मात्र भरभर बोलली.

"शिवा, त्वांड बंद ठिवायचं. गुरुजींला म्या निरोप धाडला हाय. बेस्तरवारी भाकरी म्या करीन, लुगड्याखाली झाकून शाळेत नेऊन देईन. तुझ्या आप्पाला ठावं असंल, तरी ते बघणार न्हाईत. भोंग्यावर आपलं नाव हाय तसं ऱ्हाऊ दे."

"म्हणजे आप्पांनी सोडलं तरी नाव त्यांचंच?"

"नाव ऱ्हाऊ दे म्हनते ना मी! ते नाव निघालं की पाटलीण सुटली. पाटलीण सुटली की समदे सुटले. कळतंय का? दिवाळीपस्तोर कड काढू, मग पुढचं पुढं."

मला कळलं नाही. म्हणजे शब्द कळले, पण त्यांच्यामागची मायची नजर मला नव्हती. मला फक्त एवढं दिसत होतं की आप्पांनी एवढं केलं आणि तरी गावात त्यांचा मोठेपणा तसाच राहणार. रात्रभर मी कुढलो. सकाळी गल्ल्यावर बसून आप्पांच्या कपाळावरच्या विभूतीकडं बघत राहिलो. त्यांना कशाचंही काही वाटत नव्हतं असं मला वाटत होतं. आज मला तेही खरं वाटत नाही. त्या दिवशी ते दुपारी जेवले नव्हते; मायनं हे मला पुष्कळ वर्षांनी, आप्पा गेल्यावर सांगितलं.

संध्याकाळी गुरुजींचा कागद आला. परीक्षा सोमवारपासून. येताना टाक आणि दौत आणावी. नखं कापलेली असावीत. शेवटी लिहिलं होतं : तांड्यावरील मुलांचे वार चालविणाऱ्या सर्व कुटुंबांचे शाळा आभार मानते, विशेषतः गुरुवारचे घर आप्पा यांचे. गुरुजींनी ते मुद्दाम लिहिलं होतं. मायचा निरोप त्यांना पोचला होता आणि गाठ आणखी घट्ट बसावी म्हणून त्यांनी आप्पांचं नाव आभारात घातलं होतं. दोघं मिळून एक नाजूक वस्तू सांभाळत होते, आणि तिचं दुसरं टोक माझ्या हातात होतं.

मी परीक्षा वाचली. टाक-दौत वाचली. नखं वाचली. "आंघुळीचं न्हाई का आज?" रामजी तात्यानं विचारलं, बाया हसल्या. आप्पा दुकानाच्या पायरीवर येऊन उभे होते, रोज आपलं नाव ऐकायला उभे राहायचे तसेच. मी आभाराच्या ओळीपाशी आलो आणि थांबलो. माइकमध्ये माझा श्वास वाजत होता.

"गुरुवारच्या घराचे आभार मानायचे न्हाईत," मी म्हणालो. "गुरुवारचं घर आता न्हाई. आमच्या आप्पांनी काल वार सोडला. तहानलेल्या लेकरानं रांजणाला हात लावला म्हणून भरला रांजण रस्त्यावर वतला. ज्यांनी ते पाणी धुळीतनं भरून नेलं त्यांनी ऐका. लाज वाटू द्या आपल्याला!"

मी आणखीही बोललो. आता सगळं आठवत नाही. आवाज भरून आला होता आणि तो माळापर्यंत जात होता, हे मात्र मला बोलताना जाणवत होतं आणि आवडत होतं, ते आठवतं. आप्पांनी येऊन बॅटरीची वायर काढली. मग रामजी तात्या म्हणाला, "शाबास रे वाघा!" माझ्या वयाच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. एकानं मला उचललं.

हीच गोष्ट गावात आजवर सांगितली जाते. बापाविरुद्ध, जुन्या रीतीविरुद्ध, भोंग्यावरून बोललेला शिवा. गेल्या वर्षी शाळेच्या कार्यक्रमात मला शाल घातली. मुख्याध्यापक तरुण आहेत, त्यांनी ऐकलेलं सांगितलं. समोरच्या लेकरांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले आणि शाल घेऊन घरी आलो. ती शाल मी अजून उलगडलेली नाही. लोक खोटं बोलत नाहीत. मी बोललो होतो, खरं बोललो होतो. पण गोष्ट टाळ्यांपाशी थांबवतात, आणि ती तिथं थांबली नव्हती.

दुसऱ्या दिवशी शनिवार. शनिवारच्या घरानं पोरांना दारातूनच परत पाठवलं. "आप्पांसारक्या माणसानं सोडलं, आमी कोण मोठे लागून गेलो?" रविवारचं घर निदान खरं बोललं. त्या बाईनं गुरुजींना सांगितलं, "गुरुजी, माज्याच लेकराला अर्दी भाकर देते मी. भोंग्यावर नाव होतं म्हनून वाढत होते. आता नाव न्हाई ना कुनाचं?" पाटलीणबाईंनी तर सोमवारची वाटच बघितली नाही, रविवारी संध्याकाळी गड्याकरवी निरोप धाडला. वाईट कोणीच बोललं नाही. सगळे सुटल्यासारखे दिसत होते. मायनं सांगितलं होतं तसंच.

मी धावत शाळेत गेलो. गुरुजी वऱ्हांड्यात तीन दगडांच्या चुलीवर खिचडी शिजवत होते. पाणी कमी, म्हणून ती खाली लागली होती, करपल्याचा वास येत होता. मी म्हणालो, "गुरुजी, मी सांगतो सगळ्यांना. पुन्हा भोंगा लावतो. कोण कोण फिरले त्यांची नावं घेतो."

गुरुजी माझ्याकडं बघून थकल्यासारखे हसले. "नगो ओ शिवा. आता भोंगा नगो." मग पळीनं खिचडी हलवत म्हणाले, "तू खरं बोललास. मला ते बोलता आलं नसतं. पर मला आधी एक शब्द इचारायचा होतास बाबा. मी तुला दिवाळीनंतर बोल म्हणालो असतो."

त्यांनी आपल्या शिध्यावर परीक्षेचा आठवडा काढायचा प्रयत्न केला. पण शिध्याला पाणी लागतं, आणि शाळेच्या वाट्यासाठी टँकरवर कोणी उभं राहू देईना. दोन पोरांना जुलाब लागले. ते पाहून गुरुजी घाबरले. परक्यांची लेकरं, आईबाप दूर, उद्या काही झालं तर? परीक्षेचा पहिला पेपर झाला, मराठीचा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पोरांना घेऊन एस.टी.त बसले, ऊसतोडीच्या तळावर त्यांच्या आईबापांच्या हाती द्यायला. मी स्टँडवर गेलो होतो. मला वाटत होतं जमनी माझ्याकडं बघणार नाही. तिनं बघितलं, नेहमीसारखंच. म्हणाली, "दादा, गणिताचा पेपर कवा हाय?"

"उद्या," मी म्हणालो.

"मंग मी आल्यावर देऊ का?"

मी हो म्हणालो. गाडी सुटली. ती आली नाही. दिवाळीनंतर तांड्यावरचं कोणी आलं नाही. उन्हाळ्यात आले तेव्हा जमनीच्या हातात कोयता होता आणि पुढच्या हंगामाआधी तिचं लग्न लागलं. किनवटची जागा तशीच गेली. गुरुजींची बदली नव्या जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली, जाताना ते आमच्या दुकानात येऊन आप्पांनाही भेटून गेले. आप्पांनी त्यांना गुळाची ढेप दिली. दोघांनीही ती गोष्ट काढली नाही. मला ते पाहून इतका संताप आला की मी कोठीत जाऊन बसलो, भोंग्याशेजारी.

त्या आठवड्यातला गुरुवार राहिला सांगायचा. पोरं गेल्याचं मी घरात सांगितलं नव्हतं. आप्पा माझ्याशी बोलत नव्हते, आणि मायशी बोलायचं मला धैर्य नव्हतं. गुरुवारी सकाळी भाकरी थापण्याची थपथप नेहमीपेक्षा जास्त वेळ चालली. दुपारी माय पदर सावरत मागच्या दारानं निघाली. पदराखाली काहीतरी होतं. मी तिच्यामागं गेलो, पण तिला हाक मारली नाही. रस्त्यात थांबवलं असतं तर सगळं तिथंच सांगावं लागलं असतं.

शाळेला जेवणाची सुट्टी होती. वऱ्हांडा रिकामा, झाडून काढलेला. तीन दगड तेवढे काळे पडून राहिले होते. माय उभी राहून इकडंतिकडं बघत होती. भोंगा बंद झाल्यापासून गुरुजी सूचना दारावरच्या फळ्यावर लिहायला लागले होते. मायला वाचता येत नव्हतं. माझी चाहूल लागली तशी ती वळली. रागावलेली नव्हती. तिनं हनुवटीनं फळ्याकडं दाखवलं.

"काय लिव्हलंय रे, शिवा?"

मी वाचलं. परीक्षा शनिवारी संपेल. दिवाळीची सुट्टी सोमवारपासून. सुट्टीनंतर मुलांनी वेळेवर हजर व्हावं. गणवेश धुतलेला असावा. पालकांनी नोंद घ्यावी.

"आन् जमनीचं?"

"तिचं काही न्हाई, माय."

"नीट बघ की."

मी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागलो, मोठ्यानं, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात. माय भाकरीचं गाठोडं पोटाशी धरून शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली.